साडेतीन कोअर

उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात तेव्हा विजेसाठी एक उपकलम होतं. सौरऊर्जा, बायोगॅस, सेन्सरवर चालणारी उपकरणं, एलईडी दिवे यांपैकी तुमच्याकडे काय काय आहे ते लिहा आणि फोटो जोडा, असा त्याचा मथितार्थ. आमच्याकडे फोटो काढण्याजोगं फारसं काही नव्हतं. त्यामुळे २०२३ च्या सुरुवातीला विद्यापीठानं ऊर्जाबचत समिती नेमली आणि निमंत्रक म्हणून परिपत्रकात माझं नाव आलं. मी इतिहास शिकवते. कारण विचारायला गेले तेव्हा कार्यालयातून उत्तर मिळालं, "मॅडम, सायन्सची माणसं सगळी दुसऱ्या निकषांवर लावलीत."

माझं आयुष्य पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी वाचण्यात गेलं. घरात विजेचं काही बिघडलं की मी मेन स्विच बंद करते आणि शेजारच्या मुलाला हाक मारते. जुन्या ट्यूब काढायच्या, एलईडी लावायच्या, बिल उतरलं की अहवाल लिहायचा, एवढंच हे काम असेल अशी माझी समजूत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकेल, असं घरी सांगूनही टाकलं.

पहिला धक्का बिलानंच दिला. घरच्या बिलात युनिट असतात आणि त्यांचा दर असतो. विद्यापीठ हा उच्चदाबाचा ग्राहक. ११ केव्हीची लाइन थेट आपल्या आवारातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते आणि बिल येतं ते वेगळ्याच भाषेत. केडब्ल्यूएच, केव्हीएएच, आरकेव्हीएएच लॅग, आरकेव्हीएएच लीड, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, बिलिंग डिमांड, शिवाय दिवसाचे ए, बी, सी, डी असे झोन. मोडी घडाघडा वाचणाऱ्या बाईला हे बिल वाचता येईना. लेखा विभागात गेले तर तिथल्या साहेबांनी तळाच्या रकमेवर बोट ठेवलं. "आम्ही एवढंच बघतो. मुदतीच्या आधी भरलं की सूट मिळते, ती कधी चुकवली नाही."

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. त्या खोलीत बिल भरणारी माणसं होती, वीज जाळणारं कोणी नव्हतं. आणि ज्या इमारतींत वीज जळत होती तिथं बिल कधी कोणाच्या नजरेस पडलेलं नव्हतं. कुलगुरूंपासून एम.ए.च्या पोरांपर्यंत सगळे एकाच मीटरच्या मागे. ही गोष्ट मी तेव्हा नुसती टिपून ठेवली.

मग मामा भेटले. विद्यापीठाचे वायरमन. त्यांचं पूर्ण नाव हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नसावं. शिपायापासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे मामाच म्हणतात. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"कुठनं सुरू करायचं, मॅडम?"

"तुम्ही सांगाल तिथून."

"मग जुन्या बिल्डिंगीतनं करू. नव्या बिल्डिंगीत बिघडलेलं डोळ्याला दिसतं. जुनीतलं दिसत नाय."

जुनी इमारत दगडी, उंच छताची. तिच्या मागच्या बाजूला वायरिंग अजून लाकडी केसिंग-कॅपिंगमधून गेलेलं, बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, आणि त्यांपैकी काहींत फ्यूजच्या तारेऐवजी चांगली जाडजूड तांब्याची तार पीळ देऊन बसवलेली. "ही कोणी घातली?" असं मी विचारलं. मामा वर पाहत म्हणाले, "उडत व्हता ना सारखा." फ्यूज उडावा म्हणूनच असतो, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

दिव्यांचं गणित मात्र सोपं निघालं. जुन्या जाड ट्यूबवर ४० वॅट छापलेलं असतं, पण ती तांब्याच्या चोकवर चालत असेल तर चोक स्वतःच आणखी १२-१५ वॅट खातो. मामांनी पट्टीचं झाकण काढून मला चोकच्या जवळ हात धरायला लावला. "गरम लागतंय ना? ही गर्मी पण बिलात हाय." म्हणजे चाळीसची ट्यूब प्रत्यक्षात ५२ ते ५५ वॅटची. तिच्या जागी १८ ते २० वॅटची एलईडी पट्टी पुरते. पंख्याचंही तसंच. जुना पंखा ७० ते ७५ वॅट ओढतो, बीएलडीसी मोटरचा पंखा २८ ते ३५. त्याच वर्षी जानेवारीपासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं होतं, त्यामुळे दुकानदारही बीएलडीसीचं नाव स्वतःहून घेत होता. जुन्या वर्गांतले ते बोजड डब्यासारखे रेग्युलेटर तर निव्वळ उधळपट्टी. पंखा हळू केला की वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यातल्या तारेत उष्णता होऊन जायची.

हे सगळं दहा वर्षांपूर्वी का केलं नाही, असा प्रश्न कोणीही विचारेल. तेव्हा परवडत नव्हतं. सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा भाव २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होता. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, देशभरची मागणी एकत्र करून निविदा निघाल्या, आणि २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. निळ्या एलईडीच्या शोधाला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं तेही २०१४ मध्येच. भौतिकशास्त्रवाले नोबेलचं सांगतात, मला ३१० ते ३८ हा प्रवास जास्त नवलाचा वाटतो.

एनर्जी ऑडिटसाठी एक पंचविशीतली मुलगी आली. पाठीवर सॅक, पायात बूट, बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, ऊर्जा परीक्षकाची परीक्षा पास झालेली. मी तिला बसायला खुर्ची दिली, तिनं त्या खुर्चीवर उभं राहून पंख्याची कॅनॉपी तपासली. मला वाटलं होतं ती वीज मोजेल. तिनं आधी उजेड मोजला. ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बाकावर लक्समीटर ठेवला आणि आकडा मला वाचायला लावला. वाचन-लेखनाच्या जागी ३०० लक्सच्या आसपास उजेड हवा, असा संकेत आहे. ट्यूबच्या थेट खाली तो जेमतेम मिळत होता, कडेच्या बाकांवर शंभराच्याही खाली.

"मॅम, पंखा लावा बरं."

पंखा लावला आणि आकडा नाचायला लागला. ट्यूब छताला चिकटून, पंखे त्यांच्या दीड-दोन फूट खाली. पाती फिरली की तिची सावली वहीवरून धावत जाते. मुलं कित्येक वर्षं सांगत होती की इथं बसून डोळे दुखतात, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या मोबाइलला दोष दिला होता. उपाय म्हणून दिवे पंख्यांच्या पातळीखाली लोंबते घेतले. भिंतींना गुडघ्याच्या वरपर्यंत लावलेला तपकिरी ऑइलपेंट खरवडून पांढरा रंग दिला, कारण गडद भिंत उजेड गिळते. पट्ट्यांची संख्या पूर्वीपेक्षा कमी लागली. इतकं सरळ काम विजेच्या नावाखाली करायचं असतं हे मला कोणी सांगितलं असतं तर हसू आलं असतं.

बटणांची कथा आणखी साधी. आमच्या वर्गात दाराशी एक भलामोठा बोर्ड असतो आणि त्यावर कशाचं कोणतं बटण हे देवालाही माहीत नसतं. त्यामुळे पहिला येणारा माणूस तळहातानं सगळी बटणं खाली ओढतो. त्यातून वायरिंग असं केलेलं की एका बटणावर फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची एक रांग आणि तिच्यात खिडकीजवळचा दिवा नाही तर भिंतीकडचा, कसाही मिसळलेला. दुपारी बाराला खिडकीतून ऊन येत असताना खिडकीकडचे दिवे तेवढे बंद करता येत नाहीत. ऑडिटरनं कागदावर रेघा मारून दाखवलं की खिडकीला समांतर असलेली रांग एका बटणावर घ्या. मामांनी तारा बदलल्या आणि बोर्डावर स्वतःच्या हातानं ब्रशनं अक्षरं काढली: खिडकी, मधली, फळा. अक्षर सुरेख आहे त्यांचं. या कामाला तारेच्या काही गुंडाळ्या आणि रंगाचा एक छोटा डबा लागला. अख्ख्या प्रकल्पात पैशाला पैसा सर्वांत लवकर कुठं वसूल झाला असेल तर इथं.

सेन्सरचं कौतुक मात्र मला अजूनही बेतानंच आहे. स्वच्छतागृहांत आणि जिन्यात ते उत्तम चालतात. ग्रंथालयाच्या घोड्यांमध्येही लावले, म्हणजे दोन रांगांमध्ये माणूस शिरला की तिथला दिवा लागेल. पण हा सेन्सर हालचाल बघतो, माणूस बघत नाही. संशोधन करणारा विद्यार्थी दोन घोड्यांच्या मध्ये फरशीवर मांडी घालून जुनं मासिक चाळत बसला की थोड्या वेळानं अंधार. मग आतून हात हलवण्याचा कार्यक्रम. शेवटी वेळ वाढवून घेतला. माझ्या स्वतःच्या खोलीतला सेन्सर मी काढायला लावला. वाचणाऱ्या माणसाला हे यंत्र गैरहजर समजतं.

आता ते साडेतीनचं.

मुख्य पॅनेलकडे जाताना मामा सहज बोलून गेले, "इथनं पुढं कॉम्प्युटर सेंटरला साडेतीन कोअरची केबल हाय." मला वाटलं थट्टा करतायत. साडेतीन मुहूर्त माहीत होते, साडेतीन शक्तिपीठं माहीत होती, पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांवर तर मी दर वर्षी वर्गात बोलते. पण तार अर्धी कशी असेल? तर तीन फेजच्या तीन पूर्ण जाडीच्या तारा आणि न्यूट्रलची चौथी, साधारण निम्म्या जाडीची. तीन फेजवर सारखा भार असला की परतीचे प्रवाह एकमेकांना काटतात आणि न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. मग तिथं जास्तीचं ॲल्युमिनियम कशाला घाला, असा जुन्या इंजिनिअरांचा हिशेब. पंखे, बल्ब आणि मोटारींच्या जमान्यात तो बरोबरच होता.

ऑडिटरनं कॉम्प्युटर सेंटरच्या पॅनेलवर क्लॅम्प मीटर अडकवला. मामा त्याला टाँग टेस्टर म्हणतात. तिन्ही फेजवर जवळपास सारखे आकडे आले. मामा समाधानानं माझ्याकडे बघायला लागले. मग तिनं तो न्यूट्रलभोवती अडकवला आणि तिथला आकडा फेजपेक्षा मोठा आला. मामांनी चिमटा काढून पुन्हा लावला, मीटर बदलला, स्वतःच्या कपाटातला जुना मीटर आणला. आकडा तोच. इतक्या वर्षांच्या वायरमनच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्यानं मला जरा धीर आला, कारण गोंधळलेली मी एकटी नव्हते.

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. संगणक, यूपीएस, स्वस्तातले एलईडी ड्रायव्हर हे वीज सलग ओढत नाहीत. लाटेच्या माथ्यावर तेवढ्यापुरता घोट घेतात. त्यामुळे आपल्या ५० हर्ट्झच्या मूळ लाटेवर तिच्या पटीतल्या छोट्या लाटा चढतात, त्यांना हार्मॉनिक म्हणतात. त्यांतल्या तिसऱ्या पटीच्या, म्हणजे १५० हर्ट्झच्या लाटा तिन्ही फेजमध्ये एकाच तालात येतात. न्यूट्रलमध्ये त्या एकमेकींना काटत नाहीत, एकमेकींत मिळतात. साडेतीन शहाण्यांत नाना फडणवीस अर्धे, कारण त्यांच्या हाती तलवार नव्हती. आणि सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे तिघे पूर्ण शहाणे गेल्यावर पेशवाईचा सगळा भार त्या अर्ध्याच्याच डोक्यावर येऊन बसला. कॉम्प्युटर सेंटरच्या केबलचं नेमकं तेच झालं होतं. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग नाना तापलं असणार." केबलच्या टोकाची लग खरोखरच काळी पडलेली होती.

म्हणून तिथं पूर्ण जाडीच्या न्यूट्रलची चार कोअरची केबल टाकावी लागली. अर्थिंगचंही तसंच. प्रयोगशाळांतल्या कित्येक सॉकेटना तिसरं भोक नुसतं दिसायला होतं, मागे तार नव्हती. परिसरातले अर्थिंगचे खड्डे कोरडे पडलेले, एकावर तर गुलमोहराच्या पाचोळ्याचा ढीग. नवे खड्डे खणले, वसतिगृहांच्या गिझरच्या लाइनवर वीज जमिनीकडे गळू लागली की लगेच तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले. या कामांनी एक युनिटही वाचलं नाही. बचतीच्या अहवालाच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. वित्त समितीत एका सदस्यांनी विचारलं, "याचा परतावा किती वर्षांत?" ऑडिटरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ओल्या हातानं गिझर लावणारं पोर घरी परत जातं, तो परतावा." प्रस्ताव मंजूर झाला. तिच्या वयाची असताना मला समितीपुढे असं बोलता आलं नसतं.

निविदेचा भाग थोडक्यात आटपते, कारण सरकारी खरेदी पाहिलेल्या कोणालाही त्यात नवं काही नाही. सर्वांत कमी दर भरणारा तो एल-वन, आणि काम त्याचं. दिव्याचा पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर हवा, हार्मॉनिक २० टक्क्यांच्या आत हवेत, रंग ४००० केल्विनचा हवा, अशा अटी ऑडिटरनं आधीच घालून ठेवल्या होत्या. एका पुरवठादाराचा नमुन्याला दिलेला दिवा आणि खोक्यातून आलेले दिवे वेगळे निघाले. हे कळलं ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून: दिव्याखाली कॅमेरा धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसत. डोळ्याला ते जाणवत नाहीत, पण दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणत असतो. खोकी परत गेली. काढलेल्या जुन्या ट्यूबचं काय करायचं हा प्रश्न मात्र महिनोन्महिने लोंबकळला. त्यांच्या आत पारा असतो, भंगारवाल्याला देता येत नाहीत, ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हव्यात. आणि जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखन झाल्याशिवाय त्या आवाराबाहेर काढता येत नाहीत. आमच्या विभागाची एक खोली त्या काळात ट्यूबनी भरून गेली होती, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षा आम्ही व्हरांड्यालगतच्या खोलीत घेतल्या.

दिवे, पंखे, केबल सगळं झालं आणि बिल आलं. युनिट दिसण्याइतके उतरले होते. रक्कम त्या मानानं जेमतेम.

एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकाचं बिल केडब्ल्यूएचवर निघत नाही, केव्हीएएचवर निघतं. ऑडिटरनं मला काटकोन त्रिकोण काढायला लावला. पाया म्हणजे किलोवॅट, काम करणारी वीज. उभी बाजू म्हणजे केव्हीएआर: चोक, मोटर, ट्रान्सफॉर्मर यांना चुंबकत्वासाठी लागणारी, जाऊन परत येणारी, कुठलंच काम न करणारी वीज. कर्ण म्हणजे केव्हीए. महावितरण कर्णाचे पैसे घेते. पायाचं कर्णाशी प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर, तो ०.९ असेल तर १०० युनिटांच्या कामाला १११ मोजावे लागतात. ही उभी बाजू छोटी ठेवण्यासाठी पॅनेलमध्ये कपॅसिटर लावतात, त्यांची केव्हीएआर उलट दिशेची असते. आमच्याकडेही ते होते, जुन्या तांब्याच्या चोकांच्या आणि जुन्या पंख्यांच्या हिशेबानं बसवलेले.

चोक गेले. कपॅसिटर तिथंच राहिले.

आता त्रिकोण उलट बाजूला वाढला. समजा रात्री भार ३० किलोवॅटचा आहे आणि कपॅसिटर गरजेपेक्षा ४० केव्हीएआर जास्त देतायत, तर कर्ण ५०. शाळेतला तीन-चार-पाचचा त्रिकोण! तीस युनिटांचं काम, पन्नासचं बिल. लॅगइतकंच लीडही मोजलं जातं, बिलावरचा तो दुसरा रकाना त्यासाठीच. बचत जितकी जोरात केली तितका हा त्रिकोण वर गेला होता. माझा यावर विश्वासच बसेना. मी कॅल्क्युलेटर घेऊन वर्गमुळं काढत बसले.

कपॅसिटर भाराप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारं एपीएफसी पॅनेल आमच्याकडे होतं. ते मॅन्युअलवर होतं. मामांकडे पाहिलं तर म्हणाले, "ऑटोवर ठेवलं की रातभर कॉन्टॅक्टर खाडखाड वाजतो. शेजारीच सिक्युरिटीची खोली. त्यास्नी झोप लागत नव्हती." सुरक्षारक्षकांच्या झोपेवर मी काहीही बोलले नाही. रिले बदलला, मोठ्या कपॅसिटरच्या जागी लहान लहान टप्पे बसवले.

डिमांडचं प्रकरण याहून चिवट. महिन्यातली कमाल मागणी मोजली जाते आणि बिलात ती लावताना मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडच्या ७५ टक्क्यांखाली उतरता येत नाही. आमचा युवक महोत्सव झाला तेव्हा मंडप, हॅलोजन, साउंड, खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरच्या शेगड्या, वर सगळ्या सभागृहांचे एसी, हे सगळं एकाच संध्याकाळी सुरू होतं. त्या संध्याकाळची सावली पुढच्या अकरा बिलांवर. ही मागणी तेव्हा सकाळी ६ ते रात्री १० याच वेळात धरत. म्हणजे दहानंतर कितीही दिवे लावा, डिमांड वाढत नसे. पण दहानंतर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. सांस्कृतिक समन्वयकांना मी एवढंच विचारलं की एसी आणि मंडप यांच्यात एक निवडाल का. त्यांनी मंडप निवडला.

मग रात्र. मीटरमधला दर अर्ध्या तासाचा भार उतरवून घेता येतो, हे मला माहीत नव्हतं. ऑडिटरनं आलेख काढून दिला. पहाटे तीनला, जेव्हा विद्यापीठात कुत्रीसुद्धा झोपलेली असतात, तेव्हाही रेघ जमिनीला टेकत नव्हती. तो भार शोधायला आम्ही रात्री फिरलो. सर्व्हर रूम समजण्यासारखी होती. पण प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर रिकाम्या इमारतीसाठी रात्रभर पाणी गार करत होता. अर्धवट भारावर गरगरणारे मोठे यूपीएस. एका विभागात तर विभागप्रमुखांच्या खोलीतला एसी १८ अंशांवर चालू, खोलीला कुलूप. नवे एसी २०२० पासून सुरू होताना २४ वर यावेत असा नियम आहे, आणि एकेका अंशानं वर गेलं की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं बीईई सांगते. पण हा एसी नियमाच्या आधीचा होता आणि त्याचा रिमोटही खोलीत आत.

जीवशास्त्राच्या बाजूला उणे ८० अंशांचे फ्रीझर. असा एक फ्रीझर दिवसाला १५ ते २० युनिट खातो, महिन्याला बिनएसीच्या चार-पाच घरांइतकी वीज. आत काय आहे असं विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "दोन फ्रीझरमधलं सांगू शकते. तिसऱ्यातल्या नळ्या निवृत्त झालेल्या सरांच्या आहेत, लेबलं पुसली गेलीत, टाकायचा धीर होत नाही." मला त्यांचं पूर्ण पटलं. आमच्या विभागातही जुन्या कागदांचे असे रुमाल आहेत. फक्त ते वीज खात नाहीत.

पाण्याच्या पंपाचं मी मोठ्या उत्साहानं हाती घेतलं होतं. तेव्हाच्या दरांत सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० विजेवर जादा आकार, रात्री १० ते ६ सवलत. आमचा पंप बरोबर सकाळी नऊला सुरू व्हायचा, कारण ऑपरेटरची ड्यूटी तेव्हा सुरू होई. टाकीत लेव्हल कंट्रोलर आणि पॅनेलला टायमर बसवून पंप रात्रीवर नेला. २०२५ मध्ये दररचना उलटली: आता दिवसा, सूर्य तळपतो त्या तासांना सवलत. मामांनी टायमर फिरवून पंप पुन्हा दिवसावर आणला. ऑपरेटर खूश.

गेल्या काही महिन्यांपासून आम्ही प्रत्येक इमारतीला वेगळा सब-मीटर लावलाय. समितीच्या सगळ्या प्रस्तावांत सर्वांत जास्त विरोध याला झाला, केबलला आणि अर्थिंगला झाला त्याहून कितीतरी जास्त. "आमच्याकडे उपकरणं आहेत, आमची तुलना मराठी विभागाशी कशी?" "आकडे गोपनीय ठेवा." "आकडे ठेवा, पण दारावर लावू नका." एका अधिष्ठात्यांनी तर विचारलं, याचा पुढे विभागांच्या अनुदानाशी संबंध लावणार का. मी म्हटलं, लावणार नाही. पण ज्या इमारतीत वीज जळते तिथल्या माणसांना आपला आकडा दिसायला हवा, एवढ्यावर मी अडून राहिले. तुलना करायचीच तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आपली आपल्याशी, अशी तडजोड झाली.

मामा दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग घेतात आणि त्याच सुरेख अक्षरांत दारावरच्या फळ्यावर लिहितात. पहिल्या महिन्यात इतिहास विभागाची इमारत शेवटून दुसरी आली, याचा मला झालेला आनंद मी लपवला नाही. सर्वांत वर परीक्षा विभाग. त्यांनी लगेच मीटर सदोष असल्याचं पत्र दिलं, प्रत कुलसचिवांना. सोमवारी मामा टाँग टेस्टर घेऊन तिकडे जाणार आहेत. मीही जाणार आहे, कारण न्यूट्रलवर काय आकडा येतो ते मला बघायचंय.